आधी मेमरी कार्ड दाखवा

तुळशीचं लग्न उरकलं की सांगलीतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोटोग्राफर मंडळींची वर्दळ सुरू होते. चातुर्मासात कुणी फिरकत नाही, आणि पहिला मुहूर्त तोंडावर आला की प्रत्येकाला मशीन उद्याच हवं असतं. २०२४ च्या हंगामात असेच एक तासगावकडचे फोटोग्राफर आले. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात चष्मा, सोबत अकरावीतला भाचा. पार्टची यादी भाच्याच्या मोबाइलवर.

यादी कुठल्याशा व्हिडिओवरून उतरवलेली होती, पण पोराने कष्ट घेतलेले दिसत होते. आय-७ १४७००केएफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्ड, लिक्विड कूलर, लाइटवाली १६ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट आणि २४० हर्ट्झचा कर्व्ह्ड मॉनिटर. बेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास जात होती. धंद्याच्या हिशेबाने मी मुकाट्याने कोटेशन काढायला हवं होतं.

"दादा, आत्ताच्या मशीनला काय होतंय?" मी विचारलं.

"अडकतंय ओ. टाइमलाइनवर क्लिप टाकली की दोन फ्रेम पुढं जातंय आणि थांबतंय. रात्रभर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉपी, करत बसायचं, मग सकाळी कटिंग. जुन्या कॅमेऱ्याला असलं काय नव्हतं."

"नवा कुठला घेतला?"

"कॅननचा आर-६ मार्क टू."

"लॉगमध्ये शूट करताय?"

"व्हय, सी-लॉग थ्री. कलर चांगला निघतोय."

इथे मला रोगाचा अंदाज आला. लॉग म्हणजे मुद्दाम फिकं शूट करायचं आणि रंग नंतर एडिटिंगमध्ये चढवायचा. हा कॅमेरा सी-लॉग थ्रीमध्ये जी फाइल बनवतो, ती एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत), १० बिट (रंगाच्या जास्त छटा), ४:२:२ असते. ४:२:२ म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची आणि रंगाची माहिती आडव्या ओळीत एक सोडून एक. मोबाइल आणि साधे कॅमेरे ४:२:० वापरतात, त्यात रंगाची माहिती याच्याही निम्मी. ग्रेडिंग, म्हणजे रंग चढवण्याचं काम, करणाऱ्याला ४:२:२ सोन्यासारखं, पण ती फाइल चालवताना उलगडायची कुणी, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी चिपमध्ये वेगळा डीकोडर लागतो, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आणि एच.२६५ मधल्या ४:२:२ साठीचा डीकोडर त्या वेळच्या आरटीएक्स ४० मालिकेतल्या एकाही कार्डात नव्हता. स्वस्तात नव्हता आणि महागातही नव्हता. तो होता इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ऑनबोर्ड ग्राफिकमध्ये, ११ व्या पिढीपासून पुढे. आणि यादीतल्या 'केएफ'मधला एफ म्हणजे नेमकं तेच ऑनबोर्ड ग्राफिक बंद असलेला प्रोसेसर. एफवाला थोडा स्वस्त पडतो, म्हणून गेमिंगच्या यादीत तो हमखास असतो, आणि गेमिंगसाठी त्यात काही वावगंही नाही.

हे सगळं तोंडाने सांगून भाचा ऐकणार नव्हता. त्याच्या दृष्टीने मी जुना माल खपवणारा दुकानदार. म्हणून म्हटलं, "दादा, मेमरी कार्ड आहे का जवळ?"

फोटोग्राफरच्या खिशात कार्ड नसेल असं होत नाही. त्यात एका हळदीचं शूट होतं, ४के, सेकंदाला ५० फ्रेम.

टेबलावर एका गिऱ्हाइकाचं गेमिंग मशीन टेस्टिंगला लावलेलं होतं, आय-५ १२४००एफ, म्हणजे एफवालाच, आणि आरटीएक्स ३०६०, हा डीकोडर नसलेलं आधीच्या मालिकेतलं कार्ड. त्यावर दादांच्याच अकाउंटवरून प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवलं. ते उतरेपर्यंत चहा झाला. क्लिप टाकली, स्पेसबार दाबला. नवरीच्या गालाकडे निघालेला हळदीचा हात मध्येच थांबला, आवाज मात्र पुढे चालू. टास्क मॅनेजर उघडून भाच्याला दाखवला. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्क्यांना टेकलेला, आणि ग्राफिक कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ जमिनीला चिकटलेली. कार्ड आरामात बसून होतं.

मग आमच्या बिलिंगच्या मशीनवर तोच प्रकार केला. हा एका कंपनीतून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे, आय-५ १२५००, ग्राफिक कार्डच नाही. कॅबिनेटवर अजून त्या कंपनीचा मालमत्ता क्रमांक चिकटवलेला. स्पेसबार दाबला आणि हळद सरळ लागली. मागच्या करवल्या हसल्या, कुणीतरी कॅमेऱ्याकडे बोट केलं, सगळं सलग. डीकोडची रेघ वर चढलेली, सीपीयू निवांत.

भाचा खाली वाकून ग्राफिक कार्ड लपवलंय का बघायला लागला. त्याला बघू दिलं.

"मग कार्ड नकोच की!" दादा एकदम खूश.

तसंही नव्हतं. नुसत्या क्लिपा चालवायच्या तर ऑनबोर्डवर भागतं. पण कलर, ट्रान्झिशन, नॉइज (अंधारातल्या शूटमधले दाणे) काढणं हे प्रीमियर ग्राफिक कार्डावर टाकतं. फोटोंचंही तेच. मांडवातल्या अंधारात ओढूनताणून काढलेल्या फोटोंवर लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरचं २०२३ मध्ये आलेलं एआय डीनॉइज चालवायचं असेल तर कार्डाशिवाय तासन् तास जातात. शिवाय भाच्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं, ते काही गुपित नव्हतं. म्हणून कार्ड ठेवलं, पण आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचं. त्याला वीज लागते ११५ वॅट, त्यामुळे ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) भरपूर झाला. प्रोसेसर आय-५ १४५००, १४ कोअर, ऑनबोर्ड ग्राफिकसकट. लिक्विड कूलर गेला, साधा टॉवर कूलर आला.

वाचलेले पैसे कुठे घालायचे यावर मात्र खरी घासाघीस झाली. रॅम मी ३२ केली, १६ च्या दोन पट्ट्या. एसएसडी दोन, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरची, दुसरी दोन टीबीची, चालू कामाची. त्यांच्या कॅमेऱ्याचं ४के २५ फ्रेमचं शूट सेकंदाला साधारण १७० मेगाबिट लिहितं, म्हणजे तासाला ७५ जीबी, आणि ५० फ्रेमला त्याच्या दुप्पट. साखरपुडा, हळद, लग्न, वरात धरून दोन कॅमेरे चालले तर एक टीबीचं काय होणार ते उघड आहे. झालेलं काम ठेवायला ४ टीबीची साधी हार्ड डिस्क, आणि तेवढीच एक बाहेरची, जी काम संपलं की घरी न्यायची. बाहेरच्या डिस्कला दादा तयार नव्हते. "आजवर कधी गेलं नाही," म्हणाले. हे वाक्य ज्यांच्याकडून मी ऐकतो, त्यांच्यातले बरेच जण पुढे रिकव्हरीवाल्याचा नंबर मागायला येतात. तो नंबर मी भिंतीवर लावून ठेवलाय, तिकडे नुसतं बोट केलं.

मॉनिटरवर भाचा हटला नाही. शेवटी २७ इंची, रंग नीट दाखवणारं आयपीएस पॅनल, पूर्ण एसआरजीबी रंग आणि गेमसाठी १६५ हर्ट्झ यावर तह झाला. रंगाचा भरवसा हवा म्हणून कर्व्ह्डवर दादांनीच फुली मारली. अल्बममध्ये शालूचा रंग वेगळा आला म्हणून एका नवरीच्या आईने पैसे अडवले होते, ते त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन जोडलं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचं एक्सएमपी चालू केलं, नाहीतर पट्टीवर छापलेला स्पीड मिळतच नाही. मग महत्त्वाची गोष्ट, आयजीपीयू मल्टी-मॉनिटर. आयजीपीयू म्हणजे तेच ऑनबोर्ड ग्राफिक. ग्राफिक कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड ऑनबोर्ड भाग आपोआप झोपवतात, आणि मग वरचं सगळं रामायण फुकट. हे चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलसमोर टिक आहे ना ते बघितलं. हळद लागली.

(२०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिका आली आणि तिला ४:२:२ उलगडता येतं, त्यामुळे आज हीच यादी मी वेगळी केली असती. पण एफवाला प्रोसेसर एडिटिंगसाठी मी अजूनही देत नाही.)

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. "काका, मामाचं एडिटिंग एकदम पळतंय. पण माझा गेम अडकतोय."

"मॉनिटरची केबल मागं कुठं लावलीस?"

"वरच्या भोकात. कीबोर्ड-माउसच्या जवळ."

ते बोर्डाचं भोक. एरवी तिथे केबल लावली तर पडदा काळा राहिला असता आणि त्याचं त्यालाच कळलं असतं. पण ऑनबोर्ड भाग मीच जागा ठेवलेला, त्यामुळे तिथेही डिस्प्ले आला आणि गेम बिचाऱ्या ऑनबोर्डवर चालत बसला.

"खाली आडव्या पट्टीत ग्राफिक कार्डाच्या जागा आहेत बघ, तिथं लाव."

जरा वेळ खडखड ऐकू आली. मग मागून दादांचा आवाज, "आरं माझं रेंडर चाललंय, हात लावू नगंस!"