पावसाळ्यात पोस्टर छापताना

ऑगस्टच्या मुंबईत स्क्रीन प्रिंटिंग (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं) शिकवायचं म्हणजे आधी हवेशी गाठ पडते. त्या दिवशी विद्यार्थी डेंग्यूवरचं पोस्टर छापणार होते. मजकूर ‘पाणी साचू देऊ नका’, आकार डबल क्राउन, म्हणजे 20 बाय 30 इंच, रंग एकच. जवळच्या सोसायटीने कंपाउंडच्या भिंतीवर चिकटवायची परवानगी दिली होती, तीही लेखी. ती लेखीच घ्यावी. मालमत्ता विरूपणाविरुद्ध महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे.

स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळ्या, रात्रभर पंख्याखाली होत्या. जाळीवरचं इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) दिसायला कोरडं होतं, पण एक्स्पोजरनंतर, म्हणजे उजेड दिल्यावर, एका मुलीने पॉझिटिव्ह (काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म) उचलला तेव्हा त्याला इमल्शनचा पापुद्रा चिकटून आला. उजेड न लागलेली अक्षरं मोकळी करायला स्क्रीन धुवायला घेतल्यावर अक्षरांच्या कडा गेल्या आणि मागोमाग अख्खा थर वाहून गेला. दुसऱ्या स्क्रीनचंही तेच झालं. इमल्शन पूर्ण कोरडं असेल तरच उजेडाने घट्ट होतं. आत ओल राहिली की जाळीला धरलेला थर कच्चा राहतो आणि पाण्याबरोबर सुटतो. पंखा फक्त दमट हवाच फिरवतो. अशा दिवसांत बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावावा किंवा पिवळ्या दिव्याच्या खोलीत हीटरची हलकी ऊब द्यावी. ऊब 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर उजेड लागण्याआधीच थर पक्का होतो. हाताची मागची बाजू जाळीला लावून बघायची. गार लागली तर आत पाणी आहे.

नवी स्क्रीन वाळवायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही कागदी स्टेन्सिलवर, म्हणजे अक्षरं कापून काढलेल्या कागदावर, आलो. पोस्टरसाठी मला ही पद्धत फार आवडते. बटर पेपरवर अक्षरं उलटी न काढता सरळच कापायची. प, स, च, क यांची पोटं, म्हणजे आतले बंदिस्त तुकडे, कापताना सुटी होतात, आणि मुलांना वाटतं आता त्यांना पूल, म्हणजे बाहेरच्या कागदाशी जोडणाऱ्या पट्ट्या, ठेवायला हवेत. गरज नसते. टेबलावर कोरा कागद, त्यावर स्टेन्सिल, सुटे तुकडे चिमट्याने जागच्या जागी, आणि वरून रिकामी जाळी अलगद टेकवायची. शाईचा पहिला हात मारला की शाईच सगळे तुकडे जाळीला चिकटवून टाकते. फ्रेम उचलली तेव्हा ‘प’चं एवढंसं पोट जाळीला धरून राहिलेलं पाहून मुलं थक्क झाली. पन्नासेक प्रती निघतात. मग कागद शाई पितो आणि कडा फुलतात.

जाळी सेंटिमीटरला 43 धाग्यांची. फ्रेमच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून कागदापासून 3 मिलिमीटर अंतर ठेवलं. ते नसेल तर कागद जाळीला चिकटून वर येतो आणि ठसा दुहेरी पडतो. स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) साधारण 70 अंशांत, एका दमात ओढायची. मध्ये थांबलं की तिथे आडवी रेघ उमटते.

कागद 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम), अनकोटेड, म्हणजे वर गुळगुळीत लेप नसलेला. आर्ट पेपर भिंतीवर टिकत नाही, खळ त्यात मुरतच नाही. शाई अॅक्रिलिक बेसची. दमट हवेत तिलाही वेळ लागतो, म्हणून रात्रभर दोरीवर टांगून सकाळी ओल्या बोटाने घासून पाहिली. बोटाला रंग लागला असता तर खळीच्या पाण्यात अक्षरं पसरली असती.

खळ मैद्याची. 100 ग्रॅम मैदा 200 मिलिलिटर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात धारेने सोडायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. किडी-बुरशीसाठी चिमूटभर मोरचूद. ते विषारी असतं, त्यामुळे भांडं वेगळं आणि हातमोजे हवेतच.

कागदाच्या पाठीला खळ लावून तो दोन मिनिटं तसाच ठेवायचा. तो ओलाव्याने फुगतो. कोरडा चिकटवला तर भिंतीवर फुगून बुडबुडे येतात. मग वरच्या कडेपासून ब्रशने खाली आणि मधून बाहेर दाबत जायचं.

भिंतीचा अर्धा भाग चुन्याचा होता आणि तिथले कोपरे दुपारपर्यंत सुटले. खळीने चुन्याची भुकटी धरली होती, भिंत नव्हे. असा भाग आधी ताठ ब्रशने घासून पाण्याने पुसून घ्यावा, पातळ खळीचा एक हात देऊन सुकू द्यावा, मगच पोस्टर लावावं. आम्ही ते कोपरे तसेच पुन्हा बसवले.