पिस्तुलाची ताकद कुठल्या रकान्यात बघायची?

नऊ एमएम आणि फॉर्टी-फाइव्ह या दोन काडतुसांची ऊर्जा जवळजवळ सारखीच असते, असं म्हटलं की माझा भाचा खवळतो. तो डोंबिवलीचा. सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की सीएसएमटी येईपर्यंत मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम. त्याच्या लेखी फॉर्टी-फाइव्ह म्हणजे खरी गोळी, बाकी सगळा पोरखेळ, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे डेझर्ट ईगल हे पिस्तूल. "मावशी, तुला गेममधलं काय कळतंय!" हे वर.

गेममधलं नाही कळत, कबूल. पण परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली. एनसीसीत असताना .२२ रायफल हातात आली ती सुटली नाही, आणि आता रविवारी सकाळी वरळीच्या रेंजवर .२२ स्पोर्ट पिस्तूल चालवते. तेव्हा हिशेब तरी मांडू शकते.

काडतुसांच्या डब्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये असतं आणि वेग सेकंदाला किती फूट असा. ते ग्रॅम-मीटरमध्ये आणायचं आणि अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ९×१९ ची, म्हणजे आपल्या नऊ एमएमची, नेहमीची ११५ ग्रेनची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३५५ मीटर धरा: ४७० जूल. .४५ एसीपीची, म्हणजे फॉर्टी-फाइव्हची, २३० ग्रेनची गोळी १४.९ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर दुप्पट जड, पण वेग २५५ मीटर: ४८५ जूल. कंपनी बदलली, नळी इंचभर लांब-आखूड झाली की आकडे हलतात, पण हलून हलून किती? एका बाजूला जॉर्ग लुगरचं १९०२ चं काडतूस, दुसऱ्या बाजूला जॉन ब्राउनिंगचं, जे १९११ साली अमेरिकन लष्कराने त्याच्याच एम१९११ पिस्तुलासकट स्वीकारलं. शंभर वर्षं लोक यावरून हमरीतुमरीवर येतायत आणि फरक पंधरा जूल!

खालच्या पायऱ्या मात्र खरोखर खाली आहेत. .३८० एसीपी, म्हणजे ९×१७, सुमारे २६० जूल. .३२ एसीपी १७५. पर्समध्ये मावणाऱ्या इवल्याशा पिस्तुलांचं .२५ एसीपी जेमतेम ८५. माझं .२२ पिस्तुलातून ११५ च्या आसपास, म्हणजे दिसायला मोठ्या असलेल्या .२५ पेक्षा जास्तच. नावातले इंचाचे आकडे, म्हणजे गोळीचा ढोबळ व्यास, बघून ताकद ठरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. .३८० आणि ९×१९ या दोघांच्या गोळीचा व्यास तर एकच आहे. फरक पुंगळीच्या (गोळीमागच्या धातूच्या नळकांड्याच्या) लांबीत, म्हणजे आत किती बारूद मावते आणि किती दाब सोसला जातो त्यात.

आता "कमी ताकद" म्हणजे काय तेही सांगते. सारायेव्होत १९१४ साली ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर आणि दिल्लीत ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेल्या गोळ्या याच ९×१७ च्या होत्या. पहिलं पिस्तूल एफएन १९१०, दुसरं बेरेटा एम१९३४. कमी जूल म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ कोणी काढू नये.

जूलच्या रकान्यात जे दिसत नाही ते संवेगाच्या रकान्यात दिसतं. वस्तुमान गुणिले वेग, वर्गबिर्ग नाही. किलो गुणिले सेकंदाला मीटर या एककात नऊ एमएम २.६, फॉर्टी-फाइव्ह ३.८, .३२ एसीपी जेमतेम १.३. ऊर्जा सारखी असलेल्या दोन काडतुसांत इथे जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो, आणि हाताला जाणवतो तो हा आकडा. शिवाय सिनेमात गोळी लागलेला माणूस काच फोडून मागे उडतो, त्याचाही निकाल इथेच लागतो. सत्तर किलोच्या माणसात २.६ संवेग जिरला तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरसुद्धा नाही. तो उडायचा तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने झाडणाराही उलट दिशेला उडायला हवा. दर वर्षी वर्गात हे सांगायचे आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी हळहळायचं.

आपल्याकडे ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास). लष्कर-पोलिसांकडे असतो, तुम्हा-आम्हाला मिळत नाही. तो हातात घ्यायची संधी मला मिळाली पट्टायात, टूरबरोबर गेलो होतो तेव्हा. ग्रुपमधल्या बाकीच्या बायका शॉपिंगला, मी रेंजवर. आमचे हे बाहेर पंख्याखाली शहाळं पीत बसले. आधी ग्लॉक १७ दिला. झाडलं की मनगटाला चटकन झटका, नळीचं तोंड वर, पुन्हा खाली. मग एम१९११. आवाज जाडसर, आणि झटका नाहीच म्हणावा असा. तळहातावर कोणीतरी भक्कम रेटा देऊन मागे ढकलावं तसं. एक पुंगळी उडून कॉलरच्या आत गेली आणि मी अशी काही नाचले की तिथला मुलगा पिस्तूल धरायला धावला. गरम पुंगळी आत गेली तरी पिस्तुलाचं तोंड निशाण्याकडेच ठेवायचं असतं. मी तेवढं पाळलं, बाकी अब्रू गेली.

इथे पिस्तुलाचं वजन हिशेबात घ्यावं लागतं. भरलेलं ग्लॉक १७ सुमारे ९०० ग्रॅम, भरलेलं एम१९११ सव्वा किलोच्या घरात. गोळीचा संवेग भागिले पिस्तुलाचं वजन केलं (बाहेर पडणारा वायू सध्या सोडून देऊ) तर दोन्ही पिस्तुलं मागे येतात ती साधारण सेकंदाला तीन मीटर वेगाने. फॉर्टी-फाइव्हचा जादा संवेग स्टीलनेच गिळला! आता साडेतीनशे ग्रॅमचं, खिशात मावणारं .३८० घ्या. गोळी दुबळी, पण पिस्तूल मागे येतं पाच मीटरने. "बायकांना हलकं आणि छोटं द्या" म्हणणाऱ्या दुकानदारांना हा भागाकार करायला बसवलं पाहिजे.

यंत्रणेचाही भाग आहे. .३२ किंवा .३८० च्या बऱ्याच पिस्तुलांत नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांना जखडलेली नसतात. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच दाब तोलला जातो. वॉल्थर पीपीके तसलंच. नऊ एमएमचा दाब असा तोलायचा तर स्लाइड फारच जड करावी लागते, म्हणून बहुतेक पिस्तुलांत ब्राउनिंगची युक्ती असते: नळी आणि स्लाइड जोडीने थोडं मागे येतात, मग नळी मागच्या बाजूने खाली झुकून सुटते आणि पुंगळी बाहेर पडते. आपल्या लष्कराचं इशापूरला बनलेलं ९ एमएम १ए याच जातीचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, तेरा गोळ्यांचं मॅगझिन.

आणि हो, डेझर्ट ईगल. .५० एई काडतुसाचे दोन हजार जूलच्या आसपास, मान्य. पण दोन किलोचं धूड, सात गोळ्या, आणि आत रायफलसारखी वायूवर चालणारी यंत्रणा. एवढी ऊर्जा एके-४७ ची गोळीही देते. गंमत म्हणजे भाच्याच्या गेममध्ये या डेझर्ट ईगलला .४५ एसीपीच्या गोळ्या लागतात. पाचशेही जूल नाहीत बिचाऱ्याला!

जूल आणि संवेगाच्या या मारामारीत अमेरिकेच्या एफबीआयने तीस वर्षं घालवली. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली नऊ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि तो पुढेही लढत राहिला. खापर काडतुसावर फुटलं. मग आलं १० एमएम. ते बऱ्याच जणांना आवरेना, म्हणून बारूद कमी केली. बारूद कमीच घालायची तर एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे आखूड काडतूस. आणि २०१५ च्या सुमारास स्वारी परत नऊ एमएमवर. मधल्या काळात गोळ्यांची बनावट सुधारली होती, आणि नऊ एमएमने एजंटांचा नेम जास्त लवकर आणि जास्त अचूक लागत होता. मला यात आश्चर्य वाटत नाही. २५ मीटर पिस्तूल हा आमचा खेळ .२२ चा, इथल्या यादीत जवळजवळ तळाशी असलेल्या काडतुसाचा. त्यातल्या प्रिसिजन या सावकाश नेमाच्या फेरीच्या निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते यातच.

रेंजवर काही जण सेंटर-फायर या दुसऱ्या पिस्तूल-प्रकारासाठी .३२ चं सेमी-ऑटो वापरतात. त्यात काडतूस जातं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, मुळात रिव्हॉल्व्हरचं. गोळी सपाट डोक्याची, पुंगळीच्या तोंडाशी लेव्हल. कागदावर भोक पडतं ते पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल, कडा अजिबात फाटलेल्या नाहीत. मार्क मोजायला सुख. परवान्यावर मिळणाऱ्या 'अशनी' या देशी बनावटीच्या पिस्तुलाचं .३२ वेगळं, ते एसीपी. दोन्ही .३२, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही, आणि दुकानात "थर्टी-टू द्या" एवढंच म्हणणारी माणसं भेटतात.

त्यातलेच एक आमच्या ओळखीचे, गिरगावातले सोन्याचांदीचे व्यापारी. परवाना आहे, अशनी आहे. परवा एका लग्नात भेटले तर तक्रार सुरू: सरकार नऊ एमएम देत नाही, थर्टी-टूमध्ये दम नाही.

"शेवटचं कधी चालवलंत?" मी विचारलं.

"घेतलं तेव्हा, एका रेंजवर."

"आणि गोळी कुठे लागली?"

त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. "समोर," म्हणाले.