चिंगी आजारी, ठमी शेजारी

नखं कापायच्या नव्या पद्धतीबद्दल लिहीन असं मागच्या वेळी म्हणालो होतो, ते राहिलं. गेले चौदा दिवस हातात नेलकटर नव्हतं, सिरिंज होती.

नव्यांसाठी ओळख: चिंगी आणि ठमी या माझ्या दोन गिनीपिग. चिंगी तीन वर्षांची, नेहमीचं वजन 910 ग्रॅमच्या आसपास. ठमी तिच्याहून सहा महिन्यांनी लहान, पण पिंजऱ्याची मालकीण तीच, 1020 ग्रॅम. दोघी माद्या, दोन वर्षांहून जास्त काळ एकत्र. मुक्काम पुणे, महिना जानेवारीचा.

आधी माझी चूक. दर रविवारी दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं हा माझा नेम. संक्रांतीच्या गडबडीत सलग दोन रविवार हुकले. घरात पाहुणे, शिवाय भाचीचा ससा आठवडाभर राहायला. ट्रे लेंड्यांनी भरलेला दिसत होता, फ्रिजचं दार उघडलं की शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे दोघी ठणठणीत असं मी धरून चाललो. लेंड्या ठमीच्या होत्या. शिट्ट्याही ठमीच्याच. कॉलेजात मित्राची प्रॉक्सी मारतात तशी ती एकटी दोघींची हजेरी लावत होती.

दिवस 1. चिंगी 838. आकडा बघून काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं, तरी 838. मग नीट पाहिलं. अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, एका नाकपुडीभोवती पांढरी खपली. कोथिंबीर दिली की पुढे यायची, काडी तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. गिनीपिग दुखणं लपवतात हे आपण सगळे एकमेकांना सांगत असतो. मला स्वतःला ते दोन आठवडे दिसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे कुत्री-मांजरीच जास्त येतात. चिठ्ठीवर तोंडावाटे द्यायचं अमॉक्सिसिलिन. हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे, तरी नव्यांसाठी लिहितो: पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पोटात गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि जनावर दगावू शकतं. मी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, पर्याय आहे का? उत्तर आलं, "लहान डोस आहे, काही होत नाही." फी दिली, चिठ्ठी खिशात घातली आणि औषध घेतलं नाही.

दिवस 2. 829. सुट्टी टाकून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, ससे-गिनीपिग-पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी छाती ऐकली, आत नळी घालून दाढा पाहिल्या, एक्स-रे काढला. दाढा ठीक, फुप्फुसं मोकळी, श्वसनमार्गाच्या वरच्या भागात संसर्ग. "घरात ससा किंवा कुत्रा आहे का?" मी पाहुण्या सशाचं सांगितलं. बोर्डेटेला नावाचा जिवाणू सशाच्या नाकात काही त्रास न देता राहतो आणि गिनीपिगला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, म्हणून हे दोन प्राणी एकत्र ठेवू नयेत म्हणतात. नाकातला नमुना तपासला नाही, त्यामुळे सशावर आरोप ठेवत नाही. पण पुढच्या संक्रांतीला तो त्याच्या घरीच तिळगूळ खाईल (खरंतर गवत).

औषध मिळालं एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. डोस मुद्दाम लिहीत नाही. तो वजनावर ठरतो आणि डॉक्टरांनीच ठरवायचा. सोबत व्हिटॅमिन सी आणि सिरिंजने भरवणं.

व्हिटॅमिन सीवरून माझी दुसरी चूक उघडी पडली. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीर ते तयार करू शकत नाही. रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरून लागतं, आजारात त्याहून जास्त. पेलेटमध्ये (तयार खाद्याच्या गोळ्यांमध्ये) ते घातलेलं असतं, पण बनवल्यापासून तीनेक महिन्यांत बरंचसं उडून जातं. सवलतीत मिळाली म्हणून घेतलेल्या माझ्या मोठ्या पिशवीवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची निघाली. ती पिशवी गेली. आता लहान पाकीट, आणि रोज दोघींना ढोबळी मिरचीची फोड. व्हिटॅमिन सीचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकत नाही; तिथे ते टिकत नाहीत आणि चव बदलली की पाणी पिणंच कमी होतं.

दिवस 3. 821. सगळ्यात वाईट दिवस, आणि तो मीच ओढवून घेतला. संसर्ग म्हणजे विलगीकरण, या हिशोबाने आदल्या रात्री चिंगीला दुसऱ्या खोलीत खोक्यात ठेवलं होतं. रात्रभर ठमी हाका मारत राहिली. चिंगी भिंतीकडे तोंड करून बसलेली, समोरच्या गवताला शिवलीही नव्हती. सकाळी ठमीला तोललं तर 996. म्हणजे आता घटत्या वजनाच्या दोघी!

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "इतके दिवस एकाच बाटलीतून पाणी प्यायल्यात, जे लागायचं ते ठमीला लागून गेलंय. लांब ठेवून तुम्ही फक्त उपासमार वाढवताय." दुपारी चिंगी परत पिंजऱ्यात. पिंजऱ्याच्या मधोमध जाळी, दोन्हीकडून ओढता येईल असं गवत जाळीलाच बांधलेलं, बाटल्या मात्र दोन, आणि चिंगीला हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय ठमीला शिवायचं नाही. जाळीचा खरा फायदा वेगळाच निघाला. चिंगीच्या बाजूला पांढरा टॉवेल अंथरला आणि पहिल्यांदा तिच्या एकटीच्या लेंड्या मोजता आल्या. चोवीस तासांत एकोणीस. बारीक, एका टोकाला निमुळत्या. धडधाकट गिनीपिग दिवसाला शंभराच्या वर टाकतं.

भरवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण याच बाबतीत सगळे अडतात. कुरिअरने मागवलेली रिकव्हरी पावडर (आजारी जनावराला पाण्यात कालवून भरवायचं खाणं) येईपर्यंत नवे पेलेट मिक्सरमध्ये दळले, कोमट पाण्यात भिजवले, चहाच्या गाळणीतून काढले. 1 मिलीची सिरिंज चोंदायची म्हणून टोक कापलं आणि कड नखांच्या कानशीने गुळगुळीत केली. चिंगीला टॉवेलमध्ये फ्रँकीसारखं गुंडाळायचं, पण उताणं कधीच नाही. सिरिंज समोरून न घालता पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने सरकवायची. थोडं सोडायचं, चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो, आणि जिचं नाक आधीच बंद आहे तिला ते झेपणार नाही. दिवसाला 45 ते 50 मिली, पाच-सहा वेळात. रात्री दोनचा गजर. एन्रोफ्लॉक्सासिन कडू जहर असतं, ते भरवणं सुरू होण्याआधी, म्हणजे नंतरच्या घासाने तोंड धुतलं जातं.

आई पहिल्या दिवशी म्हणाली, "तिला तुळशीचा काढा देऊ का रे?" नको म्हटल्यावर तिने संध्याकाळची उदबत्ती तेवढी गॅलरीत हलवली आणि पिंजऱ्याच्या वाऱ्याच्या बाजूला जुनी गोधडी टांगली. दोन्ही गोष्टी मला सुचायला हव्या होत्या.

दिवस 4 ते 7. 824, 824, 831, 835. लेंड्या 31, 44, 60, 72. नाकाची खपली गेली. ठमीला जाळीतून रिकव्हरी पावडरचा वास लागला, आता सिरिंज दिसली की तीच आधी शिट्टी मारते. एकदा चुकून अर्धा मिली दिला, तेव्हापासून वसुलीला उभी.

दिवस 8. मंडईत दूर्वांच्या जुड्या घ्यायला गेलो. हरळी म्हणजे त्याच दूर्वा, आणि शेताच्या कडेच्या हरळीपेक्षा मला त्या जास्त भरवशाच्या वाटतात; तरी तीनदा धुतो. दूर्वावाल्या मावशी म्हणाल्या, "रोज गणपती का हो तुमच्याकडे?" मी हो म्हटलं. उंदरासारख्या दिसणाऱ्या दोघींसाठी नेतोय हे सांगितलं असतं तरी वाहनाच्या नात्याने चाललं असतं.

जाळीजवळ जुडी ठेवली. ठमीने तिकडून एक पातं ओढलं. त्याचं दुसरं टोक चिंगीच्या बाजूला होतं. चिंगीने ते दातात धरलं आणि सोडलं नाही. पातं मधे तुटलं आणि तिच्या वाट्याचं तिने कुरकुर आवाज करत संपवलं. सात दिवसांत आपणहून खाल्लेली पहिली गोष्ट. मी आईला हाक मारली, पण ती येईपर्यंत दुसरं पातंही गेलं होतं.

दिवस 9 ते 12. 841, 840, 849, 858. भरवणं निम्म्यावर आणलं. दहाव्या दिवशी जाळी काढली आणि ठमीला चिंगीच्या अंगाला औषधाचा वास आला. घुर्र घुर्र करत, मागचा भाग डोलवत तिने वरात काढली, मग पाठलाग. रक्त नाही, म्हणून मधे पडलो नाही. एकाच टॉवेलने दोघींना पुसलं आणि दोन दारांची झोपडी ठेवली, म्हणजे चिंगी कोंडली जाणार नाही. तासाभरात दोघी एकमेकींना टेकून झोपल्या. लेंड्या मोजायला मात्र चिंगीला रोज संध्याकाळी तीन तास जाळीपलीकडे ठेवतोच. ती तीन तासांत वीसच्या वर टाकते, मला तेवढं पुरतं.

दिवस 15. चिंगी 871, औषध संपलं, श्वास स्वच्छ. 910 अजून लांब आहे, पण काटा योग्य दिशेला आहे. ठमी 1043. नाकाला काही नाही, शिंक नाही, तक्रार एकच: सिरिंज बंद का झाली.

महिनाभर तोलणं रोज, मग पुन्हा रविवारी. पुढच्या शनिवारी दाढांची फेरतपासणी, कारण इतके दिवस मऊ खाल्लं की दाढा झिजत नाहीत. ते झाल्यावर ठमीच्या नखांचं.