आमची वाटचाल: दोन पिकअप आणि एक वजनकाटा

खोदाईची छोटी यंत्रे भाड्याने देण्याचा व्यवसाय आम्ही सुरू केला, तेव्हा यंत्र कामाच्या जागेवर पोहोचवणे ही आम्हाला किरकोळ बाब वाटत होती. पहिला पिकअप घेताना आम्ही माहितीपत्रकातील दोनच आकडे पाहिले: इंजिनाची ताकद आणि ४,५०० किलो ओढण्याची क्षमता. यंत्रासह आमचा ट्रेलर ४,००० किलो भरत असल्यामुळे ५०० किलोंची सवड आहे, असे धरून आम्ही निर्धास्त झालो आणि चार दरवाज्यांची केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, मागच्या हौद्यावरचे झाकण अशा सोयी हौसेने घेतल्या.

पहिल्याच फेरीत गाडीचा मागचा भाग खाली बसला. आमच्या माणसांनी त्यावर सोपा उपाय काढला आणि यंत्र ट्रेलरवर थोडे मागे सरकवले. गाडी सरळ दिसू लागली, परंतु पुढच्याच लांब उतारावर ट्रेलर असा डोलू लागला की पिकअपची मागची चाकेही त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. चालकाने गाडीचा ब्रेक न दाबता केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताच्या कळीने लावले, म्हणून सारे निभावले.

त्यानंतर आम्ही प्रथमच वजनकाट्यावर गेलो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडण्याच्या हुकावर यावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर डोलतो, आणि पुरेसा ठेवला की तो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर वाहायच्या कमाल वजनातून, वजा होतो. आमच्या बाबतीत १२ टक्क्यांनी ४८० किलो हुकावर, तीन माणसांचे २४०, अवजारे व साखळ्या १६० आणि हिचचे, म्हणजे ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याचे, ५०, असे ९३० किलो झाले. दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर मात्र पेलोड ७९० किलो लिहिलेला होता. म्हणजे ओढण्याच्या क्षमतेत बसणारा ट्रेलर गाडीच्या पाठीला पेलवत नव्हता, आणि हौसेने घेतलेल्या प्रत्येक सोयीचे वजन त्याच पेलोडमधून गेले होते.

दुसऱ्या पिकअपची निवड आम्ही त्या पट्टीपासून सुरू केली. एकाच रांगेची केबिन, झाकण नाही, आणि पहिल्या पिकअपपेक्षा वरच्या वजनगटाची चासी. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे त्याला फिरवणाऱ्या दांड्याचे फेरे, ३.५५ ऐवजी ४.१० घेतला, त्यामुळे त्याच गिअरमध्ये चाकांवर सुमारे १५ टक्के जास्त जोर मिळतो, मात्र रिकाम्या फेरीत इंजिन जास्त फिरते आणि इंधन अधिक जाते. आमच्या बहुतेक फेऱ्या भरलेल्या असल्याने हा व्यवहार आम्हाला पटला. गिअरबॉक्सचा जादा कूलर, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा, कारखान्यातूनच बसवलेला ब्रेक कंट्रोलर आणि धुराची वाट अडवून गाडीचा वेग रोखणारा डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक यांवर आम्ही काटकसर केली नाही, कारण चढावर गाडी फार तर हळू चालते, उतारावर मात्र तापलेले ब्रेक दुसरी संधी देत नाहीत. ओढण्याच्या क्षमतेचा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकानुसार काढलेला आहे ना, तेही आम्ही विचारले. त्या चाचणीत अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ उन्हाळी तापमानात एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या लावण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. पिशव्यांनी गाडी सरळ दिसते, पण पेलोड एक किलोनेही वाढत नाही आणि हुकावरच्या वजनामुळे पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलला गेलेला भारही परत येत नाही. तो भार परत आणते ती वजन विभागणारी हिच, म्हणून आम्ही ती घेतली. तिच्यासह आणि तिच्याशिवाय हुकाची मर्यादा वेगवेगळी असते आणि ती हुकावरच्या पट्टीवर लिहिलेली असते, हे मात्र आम्हाला बरेच उशिरा कळले.

अलीकडे ग्राहक दुप्पट वजनाचे यंत्र मागू लागले आहेत. त्यासाठी हौद्यातून जोडला जाणारा गूजनेक ट्रेलर लागेल, आणि त्याचा १५ ते २५ टक्के भार गाडीवर येत असल्याने मागे जोडचाके असलेला पिकअप घ्यावा लागेल. तो येईपर्यंत आम्ही त्या कामांना नकार कळवत आहोत.