सोमवार, संध्याकाळी सहापर्यंत

जपानातल्या नागोयाचा किल्ला आणि आत्सुता देवस्थान एका दिवसात उरकतं, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते जूनच्या चिकचिकाटात पांढरा शर्ट, टाय आणि हेल्मेट घालून सायकल हाणणाऱ्या जोड्यांबद्दल. छातीवर काळी पाटी, पाटीवर आडनाव आणि त्याला जोडून 'चोरो'. मराठी कानाला हे भलतंच ऐकू येतं. अर्थ आहे 'वडीलधारा', इंग्रजीतला एल्डर. वडीलधाऱ्याचं वय बहुधा 19.

हे मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. मुलं दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी. देश निवडता येत नाही, चर्च सांगेल तिकडे जायचं. जपान निघालं तर आधी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोव्होला साधारण नऊ आठवडे भाषेची घोकंपट्टी. पगार शून्य. उलट अमेरिकेतून निघालेल्या मुलामागे 2020 पासून महिन्याला 500 डॉलर चर्चकडे भरायचे, पोरगा जपानात असो की घानात. खर्चाला हाती येते ती ठरावीक रक्कम. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद, आणि नेमून दिलेला जोडीदार चोवीस तास बरोबर. संडास-बाथरूम सोडलं तर एकटेपणा नाहीच. परदेशवारी म्हणून याचा हेवा करणाऱ्यांनी एवढ्यावरच थांबावं.

सुट्टी म्हणजे सोमवार, तीही संध्याकाळी सहापर्यंतच. धुणं, बाजार, केस कापणं, घरी फोन, सगळं त्यातच बसवायचं. 2019 पर्यंत घरच्यांना फक्त ईमेल आणि पत्रं चालायची, आणि फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. पण इथे सोमवारची सकाळ असते तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेकडे रविवारची संध्याकाळ असते, म्हणून कॉल सकाळीच उरकावा लागतो, आणि धुणं दुपारवर ढकललं जातं. पावसाळ्यात फसगत होते ती इथेच.

जपानी घरातलं वॉशिंग मशीन बहुधा गार पाण्यावर चालतं, त्यामुळे कॉलरचा पिवळा पट्टा नुसत्या मशीनवर सोडला तर काही जात नाही. आधी कॉलर आणि काखा ओल्या करून साबणाची वडी घासायची, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग मशीनमध्ये टाकायचं. ब्लीच ओतायचा मोह टाळावा. घाम आणि क्लोरीन एकत्र आले की डाग आणखी पिवळा पडतो. जून-जुलैच्या झडीत, ज्याला इथे त्सुयु म्हणतात, घरात वाळवलेल्या शर्टाला कुबट वास येतो. कापड बराच वेळ ओलं राहिलं की जंतू वाढतात, दुसरं काही नाही. उपाय म्हणजे शर्टांमध्ये मूठभर अंतर ठेवायचं आणि खालून पंखा सोडायचा, नाहीतर कॉइन लाँड्रीचा ड्रायर, साधारण 100 येनला दहा मिनिटं. पूर्ण सुती शर्ट तिथून सुरकुत्यांची गोधडी होऊन बाहेर येतो. पॉलिएस्टर मिसळलेला घ्यावा, मग तो अंगाला चिकटला तरी चालेल.

त्याच दिवशी फुतोनकडेही बघायचं. रोज घडी घालून कपाटात ठेवायची ही गादी पोरं आळसाने तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, तशीच पसरून ठेवतात. अंगाची वाफ खाली अडकते आणि दोन-तीन आठवड्यांत खाली काळे ठिपके उमटतात. ही बुरशी चटईत मुरली की घर सोडताना त्याचे पैसे मोजावे लागतात. आठवड्यातून एकदा गच्चीच्या कठड्यावर ऊन, ऊन नसेल तर निदान खुर्चीवर टाकून वारा.

मंगळवार ते शनिवार म्हणजे पायडल आणि इंटरकॉम. आठवड्यात एका संध्याकाळी चर्चमध्ये फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो, त्याला म्हणतात एइकाइवा. दारोदार फिरण्यापेक्षा माझ्या मते तिथेच जास्त ओळखी होतात. इंटरकॉमवर खरी अडचण नावाचीच. 'मॉर्मन' हे टोपणनाव 2018 पासून चर्चलाच नको आहे, आणि पूर्ण जपानी नाव आहे 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ'. ते संपेपर्यंत घरमालकाचा संयम संपलेला असतो. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्च या पंथाने भक्तांकडून भल्यामोठ्या देणग्या उकळल्याचं प्रकरण उजेडात आलं, तेव्हापासून धर्माच्या नावाने बेल वाजवणाऱ्यांकडे लोक जास्तच संशयाने बघतात. ही पोरं वेगळ्या चर्चची, पण पडदा सरकवून बघणाऱ्या बाईंना त्याचं काय! नवखे आणखी एका शब्दाला फसतात, 'केक्को देस'. शब्दकोशात अर्थ 'उत्तम', दारात अर्थ 'नको'. आपल्या 'बघू' किंवा 'या कधीतरी'ची ही सख्खी बहीण.

दार उघडलंच तर पुढचा पेच चहाचा, आणि तो मला मनापासून खटकतो. 1833 सालच्या त्यांच्या आहारनियमात दारू, तंबाखू, चहा, कॉफी बसत नाही. हिरवा चहा त्यात येतो का, ही जुनी पळवाट चर्चच्या युवा मासिकाने 2019 मध्ये बंद केली. हिरवा चहाही चहाच. गुडघे दुखत असताना आजीबाई ट्रे घेऊन येतात आणि समोरचा पाहुणा वाकून नकार देतो. आपल्याकडे 'अर्धा कप तरी' म्हणून गळ घातली असती. इथे आजी गप्प बसतात, आणि ते जास्त लागतं. जुने मिशनरी म्हणून दारातच सांगून मोकळे होतात की मुगिचा चालेल. मुगिचा म्हणजे भाजलेल्या बार्लीचं पाणी, त्यात चहाचं पान नसतं. भाजलेल्या कुट्टूचा सोबाचाही चालतो. पण होजिचा चालत नाही, ते चहाचंच भाजलेलं पान. गेनमाइचात तांदूळ असला तरी जोडीला हिरवा चहा असतोच. व्हेंडिंग मशीनमध्ये मुगिचा आणि उलाँग सारख्याच तपकिरी बाटल्यांत दिसतात, त्यामुळे अक्षर वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

रविवारी दोन तास चर्च, प्रसाद म्हणून पाव आणि साधं पाणी. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, पाणीही नाही. आपल्याकडचा साबुदाणा-बटाट्याचा उपास यांना सांगू नये.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचं वारं सुटतं. जोडीदार बदलतो, गावही बदलू शकतं. जड बॅग कुरिअरने पुढे पाठवून आपण सॅक घेऊन रेल्वेत बसणं सगळ्यात सोयीचं. जवळपास बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी पोहोचते. सायकल मात्र पुष्कळदा मागे राहते, पुढच्या पोरासाठी, आणि तिच्या दांड्यावर पोलीस-नोंदणीचं स्टिकर असतं जुन्या मालकाच्या नावाचं. रात्री दिवा न लावता कुणी सापडला की पोलीस आधी तो क्रमांक तपासतात. मालक अमेरिकेत आयडाहोला पोहोचलेला असतो आणि त्याचं नाव 'चोरो' म्हणून सांगून काही उपयोग नसतो. निघणाऱ्याकडून सही केलेलं हस्तांतरपत्र घ्यायचं, सायकलच्या दुकानात काहीशे येन भरून नवी नोंद करायची, आणि हे सोमवारीच, सहाच्या आत.