ह्याच्या बुकात हाय, माझ्यात न्हाई

कोल्हापुरात राजारामपुरीत मी दहावीच्या विज्ञानाची शिकवणी घेतो. जून 2023 मधली गोष्ट. एकाच घरातले दोन चुलतभाऊ एका बाकावर. थोरल्याचं पुस्तक बालभारतीचं, धाकटा सीबीएसईचा, म्हणजे एनसीईआरटीचं.

बालभारतीच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. म्हटलं, दोघांना एकत्रच घेऊ. मेंडेलचे वाटाणे उरकून फळ्यावर डार्विन लिहिलं, तसा धाकटा पानं उलटायला लागला.

"सर, ह्याच्या बुकात हाय, माझ्यात न्हाई."

त्याचं पुस्तक हातात घेतलं. माझ्याकडच्या जुन्या प्रतीत 'हेरेडिटी अँड इव्होल्यूशन'. ह्या नव्या छपाईत नुसतं 'हेरेडिटी'. जीवाश्म, माणसाची उत्क्रांती, सगळं गायब. बातम्या वाचल्या होत्या, 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांचं ह्याविरुद्धचं पत्रही माहीत होतं. पण कात्री लागलेलं पुस्तक हातात धरणं वेगळं.

कारण दिलं होतं कोरोनानंतरचा अभ्यासाचा भार. आता ह्या कात्रीत आवर्तसारणीही गेली, तिनं कुणाच्या भावना दुखावल्या? त्यामुळं सगळ्याच काटछाटीमागं राजकारण होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण 2018 मध्ये केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह डार्विन चूक आहे, शाळेत हे बदलायला पाहिजे म्हणाले होते, तेही मी विसरलेलो नाही. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणतात. दहावीनंतर जो कॉमर्सला गेला, त्याचं काय?

मी दोघांनाही शिकवलं. अवशेषांगांवर, म्हणजे पूर्वजांकडून आलेल्या पण आता फारशा उपयोगाच्या नसलेल्या अवयवांवर, तर जरा रेंगाळलोच: अक्कलदाढ, आंत्रपुच्छ, माकडहाड. आपल्या आज्यांनी डार्विन न वाचता त्या हाडाला नाव दिलंय बघा, म्हटल्यावर वर्ग हसला.

रात्री धाकट्याच्या वडिलांचा फोन. "ओ सर, पेपरला येणार न्हाई म्हंटल्यावर कशाला शिकवायलाय?" फी त्यांची, वेळ त्यांच्या पोराचा. "दहा मिनिटांत उरकलं हो," म्हणालो. खोटं होतं. तास पुरला नव्हता.

दोन दिवसांनी धाकटा बाकावर तिरका बसलेला. फुटबॉल खेळताना आपटला होता.

"माकडहाडाला लागलंय, सर."

थोरला वहीतून मान वर न काढता म्हणाला, "ते तुझ्या बुकात न्हाई लगा. तुला कसं लागंल?"