आधी सीट उचला
आजचा दिवस संभाजीनगरात विकायला असलेल्या जुन्या, बॅटरीवर चालणाऱ्या गोल्फ कार्ट बघण्यात गेला. नवा रंग, नवी सीट कव्हरं यांवर भुलू नका. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणजे ४८ व्होल्ट. फुल चार्ज करून रात्रभर उभ्या ठेवलेल्या गाडीत मल्टीमीटरवर साधारण ५०.९ व्होल्ट दिसायला हवेत. मग दोन माणसं बसवून चढावर घ्या, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. पाच ठीक आणि एक धपकन खाली आली, तर तीच सगळा सेट ओढते. एकटी नवी टाकून भागत नाही, जुन्यांसोबत तीही लवकर बसते.

बॅटऱ्यांची झाकणं उघडाच. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं. आतल्या प्लेटा उघड्या पडून वाळल्या असतील तर नंतर कितीही डिस्टिल्ड वॉटर ओता, उपयोग नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर? भाव तिथेच पाडा.